डोंगरी शर्यतींसाठी डिझाइन स्टुडिओ: पहिल्या बैठकीपासून शेवटच्या बिलापर्यंत

सह्याद्रीत शर्यती, ट्रेक, प्रस्तरारोहण शिबिरं, सायकल राइड, पॅराग्लायडिंग यांचे आयोजक वाढले, तशी त्यांच्यासाठी डिझाइन करणाऱ्यांचीही गरज वाढली. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर अशा शहरांत दोन-तीन माणसांचा स्टुडिओ या एका क्षेत्रावर तग धरू शकतो. वरवर हे काम लोगो-पोस्टरचं दिसतं. हातात घेतलं की कळतं, निम्मं काम कापड, कागद, वारा, घाम आणि तारखांचं आहे. नव्या स्टुडिओची गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

पुढचं सगळं एका नमुना कामावर बेतलं आहे: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सिंहगड-राजगड-तोरणा परिसरात होणारी डोंगरी शर्यत, १,००० धावपटू, १०, २५ आणि ५० किलोमीटर अशी तीन अंतरं. ट्रेकिंग संस्था, पॅराग्लायडिंग शाळा किंवा सॅक शिवणारा उद्योग असे ग्राहक असले, तरी तपशील थोडेफार बदलतील, रीत हीच.

वर्षाची वाटणी

आधी भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा. जून ते सप्टेंबर पावसाळी ट्रेक. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर कासची फुलं, त्याच सुमाराला साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. ऑक्टोबर ते मे कामशेतचं पॅराग्लायडिंग आणि तारकर्ली-मालवणचं स्कूबा. डिसेंबर ते फेब्रुवारी शर्यती. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असल्यामुळे बाकीचे आयोजक तिच्या आगेमागे तारखा लावतात. एप्रिल-मे मुलांची शिबिरं. डिझाइनचं काम प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या तीन महिने आधी येतं. म्हणजे तुमची खरी धावपळ जुलै ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी-मार्च जवळपास रिकामे.

ती रिकामी जागा भरायला दोन प्रकारचे ग्राहक उपयोगी पडतात: महिन्याला ठरावीक रक्कम देणारी ट्रेकिंग संस्था, आणि सॅक, दोर, तंबू, कपडे बनवणारा एखादा छोटा उत्पादक, ज्याचा कॅटलॉग आणि वेष्टनं फेब्रुवारीत करता येतात. कुठल्याही एका ग्राहकावर एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न अवलंबून ठेवू नका. परवानगी नाकारली गेली, वणवा लागला, आचारसंहिता लागली की शर्यत रद्द होते, आणि तिच्याबरोबर तुमचं बिलही.

पहिल्या बैठकीत काय विचारायचं

आयोजक बोलायला लागतो लोगोवरून. तुम्ही मात्र आधी मार्ग विचारा. सुरुवात किती वाजता, अंधारात का? धावपटूंना पाण्याची पाठपिशवी सक्तीची आहे का? वेळ मोजणारी टायमिंग चिप कोण पुरवणार, आणि ती बिबवर (धावपटूच्या छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर) लागणार की बुटाला? बोर्ड लावायला वनखात्याची, ग्रामपंचायतीची, पुरातत्त्व विभागाची परवानगी कुणी काढायची? प्रायोजक किती, आणि त्यांच्याशी करार होऊन लोगो कुठल्या तारखेपर्यंत हातात येणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘बोलणी चालू आहेत’ असं आलं, तर वेळापत्रकात आठवडाभराची ढील आत्ताच ठेवा.

साहसी उपक्रमाचा आयोजक असेल, तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आहे का, हेही विचारून घ्या. झाली असेल तर नोंदणी क्रमांक पोस्टरवर पहिल्यापासून धरता येतो. छापल्यानंतर स्टिकर चिकटवत बसण्यापेक्षा ते बरं.

दर कसा काढायचा

अंदाजाने आकडा सांगू नका, तासाचा खर्च काढा. समजा तीन माणसं, आणि पगार, भाडं, सॉफ्टवेअर, वीज, प्रवास मिळून महिन्याला १,८०,००० रुपये लागतात. तीन माणसं, २२ दिवस, ८ तास म्हणजे ५२८ तास. त्यातले बिल लावता येतील असे साधारण ६० टक्के, म्हणजे ३१७. बाकीचे बैठका, फोन, प्रेसच्या फेऱ्या आणि कोटेशन यांत जातात. खर्च पडतो तासाला सुमारे ५६८ रुपये. त्यावर रिकामे महिने, बुडीत रकमा आणि नफा धरून दर ९०० ठेवला, आणि आपल्या नमुना शर्यतीला ११० तास लागतील असं धरलं, तर ९९,००० रुपये झाले. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वर, एकूण १,१६,८२०. तास दरवेळी लिहून ठेवले, तर तिसऱ्या कामापासून अंदाज नेमका बसू लागतो.

छपाईचं बिल शक्यतो प्रेसने आणि टी-शर्टवाल्याने थेट आयोजकाला द्यावं. ते तुमच्यामार्फत गेलं की उलाढाल फुगते आणि सेवांसाठीची २० लाखांची जीएसटी मर्यादा दोन-तीन शर्यतींत ओलांडली जाते. शिवाय आयोजकाने पैसे थकवले, तर प्रेसवाला तुमच्या दारात उभा राहतो. छपाईवर देखरेख करण्याचं वेगळं शुल्क लावा आणि ते कोटेशनमध्ये उघड दाखवा. छुपं कमिशन आज ना उद्या कळतंच.

रक्कम तीन टप्प्यांत घ्या: ५० टक्के काम सुरू करताना, ३० टक्के टी-शर्टची फाइल कारखान्याला जाण्याआधी, २० टक्के शर्यतीनंतर १५ दिवसांत. मधला टप्पा महत्त्वाचा, कारण शर्यत पार पडली की आयोजकाला तुमची निकड उरत नाही. ‘पैशांऐवजी तुमचा लोगो टी-शर्टवर टाकतो’ हा प्रस्ताव प्रत्येक स्टुडिओला येतो. लोगो टाकायला ना नाही. बिल मात्र पूर्ण.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती मोफत होते. २००६च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला, की आठवणीचा फोन सौम्य आवाजात करता येतो.

करार आणि हक्क

दोन पानी करार पुरतो, पण त्यात हक्कांचा परिच्छेद हवाच. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार बाहेरच्या स्टुडिओने काढलेल्या लोगोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणाराच असतो. ग्राहकाला हक्क द्यायचे तर लेखी, सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं उलट आहे: वेगळा करार नसेल तर पहिला मालक काम सांगणारा. दोन्हींबद्दल स्पष्ट लिहा. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर लोगोचे हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी आयोजकाकडे जातील, पोस्टरच्या मूळ फाइली स्टुडिओकडे राहतील’ एवढं एक वाक्य पुष्कळ भांडणं वाचवतं.

आयोजक दरवर्षी शर्यत घेणार असेल, तर नाव आणि चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी सुचवा. खेळांचे कार्यक्रम ४१व्या वर्गात येतात, कपडे २५व्या. ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये. अर्ज वकील करेल. तुम्ही शुद्ध काळ्या-पांढऱ्यातली चिन्हाची फाइल तयार ठेवा.

उलट मोजणी

वेळापत्रक शर्यतीच्या दिवसापासून मागे मोजत लिहायचं.

१४ आठवडे आधी: नाव, चिन्ह, रंग, अक्षरं नक्की.
१२ आठवडे: नोंदणीचं पान, पहिलं पोस्टर, समाजमाध्यमांचे साचे.
१० आठवडे: पदकाची फाइल ढलाईला.
७ आठवडे: प्रायोजकांचे लोगो आणि टी-शर्टचे साइझ बंद, फाइल कारखान्याला.
४ आठवडे: मार्गाची फेरी आणि बोर्डांची यादी.
३ आठवडे: बिबची यादी बंद.
२ आठवडे: बिब आणि बोर्ड छापायला.

डिसेंबरच्या शर्यतीला यात एक खाच आहे: दिवाळी. तिरुपूर, लुधियाना किंवा इचलकरंजी, कापड कुठूनही येवो, दिवाळीत कारागीर गावी जातात आणि कारखाना पूर्ववत व्हायला दहा दिवस सहज जातात. टी-शर्टची तारीख दिवाळीच्या अलीकडे ओढा. कारखानदार ‘होऊन जाईल’ म्हणाला, तरी ओढा.

प्रायोजकांच्या लोगोंसाठी सगळ्यांना एकच पत्र पाठवा: वेक्टर (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) पीडीएफ किंवा इलस्ट्रेटरची एआय फाइल, एकरंगी आवृत्ती, पांढरी आवृत्ती, आणि अमुक तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला लोगो आकसून येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. उशिरा येणाऱ्या प्रायोजकासाठी पळवाट ठेवा: टी-शर्टवर नाही, पण बिबवर किंवा व्यासपीठाच्या पडद्यावर जागा मिळेल. हे आयोजकाकडून आधीच लेखी घेतलं, तर ऐनवेळी तो प्रायोजकासमोर तुम्हाला पुढे करणार नाही.

चिन्ह आणि देवनागरी

चिन्ह निवडताना चार कसोट्या लावा: २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर वाचता येतं का, एका रंगात टिकतं का, टोपीवर भरतकामात उतरतं का, आणि धुक्यात पन्नास पावलांवरून ओळखू येतं का. भरतकामात पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर गाठोडं होतं, आणि एक मिलिमीटरहून बारीक शिरोरेषा तुटक दिसते. त्रिकोणी डोंगर आणि मागे सूर्य हे चिन्ह इतक्या जणांनी वापरलंय की ते टाळलं तरी निम्मी ओळख तयार होते. तोरण्याची झुंजार माची, राजगडाचं नेढं (कातळातलं आरपार भोक), सिंहगडाच्या वाटेवरचं वळण, असलं काहीतरी त्या जागेचंच शोधा.

मराठी अक्षरांसाठी युनिकोड फाँटच वापरा. मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू, हिंद, नोटो सान्स देवनागरी यांनी बहुतेक काम भागतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी परिच्छेद कंपोझर सुरू केला नाही, तर मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. ‘डोंगरदऱ्या’ हा शब्द चाचणीला घ्या: ऱ्य नीट आला नाही, तर फाँट किंवा सेटिंग चुकलं आहे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर मजकुराची भाषा मराठी लावा; ज्या फाँटमध्ये ती रूपं आहेत त्यांत ती आपोआप येतात. बरेच फ्लेक्सवाले अजून कोरल ड्रॉ आणि जुन्या नॉन-युनिकोड फाँटवर चालतात, म्हणून फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करा (फाँटऐवजी नुसते आकार) आणि सोबत जेपीईजी द्या, म्हणजे एखादी वेलांटी निसटली तर प्रेसवाल्यालाही दिसेल.

टी-शर्ट

आयोजकाचा सर्वांत मोठा खर्च आणि प्रायोजकाचं सर्वांत जास्त लक्ष, दोन्ही इथेच. आधी एक साधी गोष्ट: शर्यतीच्या दिवशी छातीवर बिब असतं. सुमारे २० सेंटिमीटर रुंद बिबाखाली टी-शर्टची पुढची बाजू झाकली जाते. डोंगरी शर्यतीत वर पाण्याची पाठपिशवी, म्हणजे पाठही गेली आणि खांद्यावरचे पट्टेही. दिसायला उरतात बाह्या, गळ्याखालची चार-पाच सेंटिमीटरची पट्टी, आणि पाठीचा अगदी खालचा भाग. मुख्य प्रायोजकाला बाही द्या. आराखडा दाखवताना माणसाला बिब आणि पाठपिशवी घालूनच दाखवा; ‘आमचा लोगो फोटोत दिसलाच नाही’ ही तक्रार तिथेच मिटते.

कापड पॉलिस्टरचं, १४० ते १६० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), ज्याला बाजारात सरसकट ड्रायफिट म्हणतात. छपाईचे दोन मार्ग. सबलिमेशन पॉलिस्टरवरच चालतं, आणि पांढऱ्या किंवा फिक्या कापडावरच, कारण त्यात पांढरी शाई नसते. रंग सुमारे २०० अंश सेल्सियसला वाफ होऊन धाग्यात शिरतो, त्यामुळे छपाई हाताला जाणवत नाही आणि निघतही नाही. कितीही रंग घ्या, दर तोच. पण पॅनल कापून, छापून, मग शिवायला हवेत. शिवलेल्या टी-शर्टवर दाबलं, तर काखेत आणि शिवणीपाशी घडीत पांढरे ओरखडे राहतात. स्वस्त कोटेशन आलं तर हेच विचारा: आधी छापणार की आधी शिवणार?

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला एक स्क्रीन (जाळीचा साचा), म्हणून दोन-तीन रंगांत बसवा. गडद पॉलिस्टरवर पांढरी छपाई केली, तर कापडाचा रंग शाईत चढतो आणि लाल टी-शर्टवरचा पांढरा लोगो काही दिवसांत गुलाबी होतो. ते टाळायला लो-ब्लीड (कापडाचा रंग वर चढू न देणारी) शाई किंवा मधे अडवणारा थर मागा. नमुना हातात आल्यावर लगेच पास करू नका. दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, धुवा, मग सही करा.

रंग पडद्यावर ठरवू नका. त्याच कापडावर, त्याच मशीनवर छापलेली रंगांची पट्टी मागवून त्यातून निवडा. सबलिमेशनचा काळा अनेकदा तपकिरी किंवा हिरवट झाक मारतो. मधला राखाडी टाळा, घामाचे डाग सर्वांत जास्त त्यावर उठतात.

साइझच्या यादीत छातीचं माप इंचात द्या, आणि ते शिवलेल्या कपड्याचं आहे हे लिहा. लोक अंगाचं समजतात. बायकांचा कट वेगळा ठेवा. एकूण संख्येवर पाच टक्के जादा शिवून घ्या, त्यातले बहुतेक एम आणि एल. साइझ बदलून मागणारे निघतातच.

बिब

हा स्टुडिओचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जोखमीचा भाग. टी-शर्टचा रंग चुकला तर लोक नाक मुरडतील. बिबवरची माहिती चुकली तर जखमी माणसाच्या घरी फोन लागणार नाही.

कागद साधा चालत नाही. टायवेक हा न फाटणारा कागदासारखा पत्रा उत्तम, पण ते पॉलिइथिलीन असल्यामुळे लेझर मशीनच्या उष्णतेत सुरकुततं. ज्या प्रेसकडे फक्त डिजिटल लेझर मशीन आहे, तिथे पॉलिस्टरची नॉन-टिअरेबल शीट वापरा आणि ती त्या मशीनला चालते का हे आधी चार शीटवर तपासा. आकार साधारण आठ बाय सहा इंच, चार कोपऱ्यांना पाच मिलिमीटरची भोकं, कडेपासून एक सेंटिमीटर आत.

आकडा किमान सहा-सात सेंटिमीटर उंच, जाड, काळा, पांढऱ्या पट्टीवर. त्यामागे डोंगराचं चित्र फिरवू नका. फोटो शोधणारी सॉफ्टवेअर बिबचे आकडे इंग्रजी समजून वाचतात, तेव्हा मुख्य आकडा इंग्रजीच ठेवा. नाव मराठीत छापायला हरकत नाही. असा फाँट घ्या, ज्यात एक आणि सात, तीन आणि आठ लांबूनही गोंधळात टाकणार नाहीत. अंतरानुसार रंगपट्टी द्या, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा नीट न ओळखणारे पुरुष दर शंभरात काही असतातच. पट्टीवर अंतर मोठ्या अक्षरांत लिहा आणि क्रमांकांची मालिकाच वेगळी ठेवा: १० किलोमीटरला १००१ पासून, २५ ला २५०१ पासून, ५० ला ५००१ पासून. शून्याने सुरू होणारे क्रमांक नकोत. एक्सेल ती शून्यं गिळतं.

मागच्या बाजूला नाव, रक्तगट, घरच्या माणसाचा फोन, औषधांची ॲलर्जी, आणि आयोजकाचा आपत्कालीन क्रमांक. हा क्रमांक पुढच्या बाजूलाही हवा. नोंदणीच्या याद्या घाणेरड्या येतात: फोनच्या जागी ‘९.८ई+०९’ असलं काहीतरी, रक्तगटात ‘पॉझिटिव्ह’ एवढंच. फोनचा रकाना टेक्स्ट करा, दहा आकडे आहेत का तपासा, रक्तगट आठ प्रकारांपैकीच आहे का पाहा. मराठी नावं असतील तर फाइल युनिकोड टेक्स्ट म्हणून जतन करा, साध्या सीएसव्हीत सगळी प्रश्नचिन्हं होतात. इनडिझाइनमध्ये यादीतली माहिती आपोआप भरणारं डेटा मर्ज लावा आणि सर्वांत लांब नाव, सर्वांत लहान नाव, एकही माहिती नसलेली ओळ असे तीन नमुने छापून बघा. छापून आल्यावर दर पन्नासावं बिब यादीशी ताडून पाहा; पुढची बाजू एका माणसाची आणि मागची दुसऱ्याची, हा घोटाळा पाठपोट छपाईत एखादी शीट सरकली की होतो.

चिप बिबमागे असेल, तर तिच्याखाली फोमचा तुकडा लागतो. अंगातलं पाणी आणि घाम रेडिओ लहरी शोषतात. चिप छातीला चिकटली की वाटेवर अंथरलेली टायमिंगची मॅट तिला वाचत नाही. चिपची जागा टायमिंगवाल्याकडून आधी घ्या, तिथे पिनेचं भोक येऊ देऊ नका, आणि बिबवर बारीक अक्षरांत लिहा: घडी घालू नका, जॅकेटखाली लावू नका.

पदक

झिंकच्या मिश्रधातूत ढाळलेलं, ६५ ते ७५ मिलिमीटरचं, तीन मिलिमीटर जाडीचं पदक बहुतेकांना परवडतं. साच्याचा खर्च एकदाच, म्हणून तिन्ही अंतरांना एकच साचा आणि वेगळ्या रंगाच्या फिती हा व्यवहारी मार्ग. उठावातली रेघ किमान ०.५ मिलिमीटर ठेवा. बारीक मात्रा आणि अनुस्वार पॉलिश करताना झिजतात किंवा रंगाने बुजतात. साल पदकावर न घालता फितीवर घातलं, तर उरलेली पदकं पुढच्या वर्षी चालतात.

नकाशा आणि चढ-उताराचा आलेख

मार्गाची जीपीएस नोंद असलेली जीपीएक्स फाइल आयोजकाकडून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. घड्याळाने टिपलेली उंची थरथरती असते; तशीच बेरीज केली तर एकूण चढ काहीशे मीटरनी फुगतो. आलेख गुळगुळीत करून घ्या, आणि शेवटचा आकडा आयोजकाकडून लेखी मान्य करून घ्या, कारण धावपटू त्यावर सराव बेततात. आलेखाचा उभा अक्ष किती ताणला आहे ते लक्षात ठेवा: ५० किलोमीटरच्या मार्गावर १,४०३ मीटरचा तोरणा खऱ्या प्रमाणात जेमतेम उंचवट्यासारखा दिसेल, आणि जास्त ताणला तर सुळका. पाणी, वैद्यकीय मदत आणि वेळमर्यादेच्या जागा त्याच आलेखावर चिन्हांनी दाखवा.

गुगल नकाशाचा स्क्रीनशॉट टी-शर्टवर छापू नका. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती वापरा आणि श्रेय छापा. भारताचा पूर्ण नकाशा कुठे येत असेल, तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात. परदेशी आयकॉनच्या साठ्यातला नकाशा उचलला की हमखास फसगत होते.

बोर्ड, फिती, कमान

बोर्डांची यादी टेबलावर बसून करू नका. मार्गावर फिरून करा. प्रत्येक फाट्यावर एक बाण वळणाच्या आधी, एक वळणावर, आणि एक वळणानंतर ‘बरोबर आहात’ सांगणारा. धावणारा माणूस तीन शब्दांहून जास्त वाचत नाही. अक्षराची उंची साधारण दर तीन मीटर अंतराला २५ मिलिमीटर धरा, आणि देवनागरीत मात्रा-वेलांट्यांसाठी ओळीला पाव पट जागा जास्त सोडा.

रंग ऋतू पाहून निवडा. पावसाळ्यात हिरव्या गवतावर नारिंगी उठून दिसतो. डिसेंबरात तेच गवत पिवळट-तांबूस होतं, आणि पिवळी-नारिंगी फीत त्यात हरवते. तेव्हा गडद गुलाबी किंवा निळी घ्या. फ्लोरोसंट रंग साध्या चार रंगांच्या छपाईतून निघत नाही, त्याचं कापडच विकत घ्यावं लागतं. पहाटे सुरू होणाऱ्या शर्यतीत चकचकीत लॅमिनेशन हेडटॉर्चचा झोत परत डोळ्यांत मारतं. मॅट लावा आणि कडेला परावर्तक टेपचा तुकडा.

बोर्ड तीन किंवा पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पत्र्यावर), बांबूला बांधून. झाडाला खिळा नाही, कातळावर ऑइलपेंट नाही. राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे; तिथल्या दगडावरचा एक बाण आयोजकाची पुढची परवानगी घालवू शकतो. चुन्याची फक्की पुरते, पण डिसेंबरातल्या दवाने ती फिकी पडते, म्हणून फार दिवस आधी नको, आदल्या संध्याकाळीच टाका. कड्यांवर आग्यामोहोळ असेल, तर ‘शांत राहा, अत्तर-धूर नको’ हा बोर्ड चित्रासकट द्या. फितींचे गठ्ठे मोजून द्या आणि तेवढेच परत आले का पाहा.

कमान आणि मोठा पडदा वाऱ्याने फाटतो. फ्लेक्सला अर्धगोल चिरा पाडायची पद्धत आहे, पण तिने वाऱ्याचा जोर फारसा कमी होत नाही, उलट तिथूनच फाटायला सुरुवात होते. घाटमाथ्यावर जाळीदार मेश फ्लेक्स घ्या, दर फुटाला आयलेट (भोकाभोवतीची धातूची कडी) लावा, आणि सुतळीऐवजी इलॅस्टिक दोरीने लोखंडी फ्रेमला ताणा, म्हणजे झोत आला की पडदा थोडा ढिला होतो. बारा बाय आठ फुटांच्या पडद्याला पूर्ण आकारात ७२ ते १०० डीपीआय पुरतात. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कोटेशनमध्ये जाडी लिहून घ्या.

फोटो, ड्रोन

छायाचित्रकाराला यादी द्या: बाही दिसेल असा बाजूचा कोन, प्रत्येक प्रायोजकाच्या बोर्डसमोरचा एक फोटो, पाण्याच्या ठिकाणचे स्वयंसेवक, पुढच्या वर्षीच्या पोस्टरसाठी आकाशाची मोकळी जागा ठेवलेले उभे फोटो. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल, तर व्यावसायिक कामाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. संरक्षित किल्ल्यावर आणि वनक्षेत्रात त्या-त्या खात्याची परवानगी वेगळी. कागद बघितल्याशिवाय ड्रोनवाल्याला होकार देऊ नका.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आणि नंतर

आदल्या दिवशी बिब वाटपाच्या टेबलावर स्टुडिओचा एक माणूस असावा. त्याच्याकडे २० कोरी बिबं, जाड काळा मार्कर, कात्री, केबल टाय, दुहेरी टेप, सगळ्या फाइली असलेला पेनड्राइव्ह आणि जवळच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याचा फोन नंबर हवा. वेल्हे-नसरापूर पट्ट्यात रात्री नऊनंतर प्रेस उघडी मिळत नाही, हे धरूनच निघा.

शर्यत झाली की तीन दिवसांत प्रायोजकांसाठी फोटोंचं संकलन द्या. आयोजक ते लगेच पुढे पाठवतो आणि प्रायोजकाकडून त्याचा उरलेला हप्ता सुटतो. तुमचे २० टक्के बहुधा त्याच पैशांतून येणार असतात, म्हणून बिल त्याच ईमेलला जोडा. साल नसलेले बोर्ड, मेश पडदे, फ्रेम कोरडे करून, क्रमांक टाकून ठेवायचं वार्षिक शुल्क वेगळं लावा. ओला फ्लेक्स गुंडाळून ठेवला तर महिन्याभरात आतून बुरशी धरते आणि शाई मागच्या घडीला चिकटते. साठ्याची यादी आयोजकाला फेब्रुवारीत पाठवा, तेव्हा त्याचं पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक सुरू झालेलं असतं.